शेव, सरबत, श्रीखंडात वनस्पतींचे रंग : इंदूरच्या नव्या गृहउद्योगांसाठी मार्गदर्शक

पाकीटबंद पदार्थात कृत्रिम रंग घालायचा नाही असं ठरलं, की बहुतेक नवे उद्योजक आधी रंग निवडतात आणि मग तो पदार्थात कसा बसवायचा ते बघतात. हा क्रम उलटा आहे. टार्ट्राझिन किंवा सनसेट यलो हे कृत्रिम रंग जवळजवळ कुठेही तसेच राहतात, म्हणून तिथे ही चूक खपून जाते. हळद, मिरची, बीट, कोकम, पालक यांचं तसं नाही. आंबटपणा, खार, आच, तेल आणि ऊन या पाच गोष्टींपुढे प्रत्येकाचं वागणं वेगळं आहे. आपल्या पदार्थात या पाचांपैकी काय काय आहे ते आधी पाहायचं आणि त्यात जो टिकेल तो रंग घ्यायचा.

इंदूरमध्ये घरून किंवा सांवेर रोडकडच्या छोट्या गाळ्यातून माल काढणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून इथली उदाहरणं घेतली आहेत: शेव आणि मसाला नमकीन, पालक शेव, श्रीखंड आणि कोकम सरबत.

रंग लागतो का, आणि चालतो का

चांगल्या हरभरा डाळीचं ताजं बेसन स्वतःच पिवळं असतं. साध्या शेवेला वरून रंग लागत नाही. लागत असेल तर बहुधा बेसन जुनं किंवा भेसळीचं आहे, आणि तिथे रंगाऐवजी गिरणी बदलावी.

काही पदार्थांत रंग घालायलाच परवानगी नाही, मग तो झाडाचा असो की कारखान्याचा. हळदपूड, तिखट, बेसन, तूप, मध या नावाने विकायच्या मालात रंग घातला तर ती भेसळ ठरते. इतर पदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके (अन्नपदार्थ मानके व अन्न-मिश्रके) विनियम, २०११ मधलं परिशिष्ट अ उघडायचं. त्यात पदार्थांचे क्रमांकवार गट आहेत. तयार नमकीन गट १५ मध्ये येतं, मद्य नसलेली पेयं १४.१ मध्ये. आपल्या गटासमोर कोणता रंग किती चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर हे विनियम दुरुस्त्यांसह फुकट मिळतात. दुकानदाराने सांगितलं म्हणून किंवा शेजारचा वापरतो म्हणून मात्रा ठरवू नका.

हातात काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवाच. दहा ग्रॅमच्या पायरीने मोजणारा किराण्याचा काटा या कामाला निरुपयोगी आहे. त्याशिवाय सामू (पीएच: ७ च्या खाली आंबट, वर खार) मोजायला पट्ट्या किंवा छोटं पेनासारखं यंत्र, तळणाचा थर्मामीटर, चार-सहा पांढऱ्या बशा, झाकणाच्या काचेच्या बरण्या आणि एक वही. रंगीत द्रावणात सामूपट्टी फसवते, कारण पट्टीवर रंगच चढतो. म्हणून रंग घालण्याआधी सामू मोजा किंवा यंत्र वापरा.

शेवेच्या भिजवलेल्या पिठाचा सामू मोजायचा तर १० ग्रॅम पीठ ९० मिली आरओच्या पाण्यात कालवा, पाच मिनिटं थांबा आणि वरच्या पाण्यात मोजा. श्रीखंडाचंही असंच. श्रीखंड साधारण ४ ते ४.५ दाखवतं, कोकम ३ च्या आत, आणि पापडखार घातलेलं शेवेचं पीठ ८ च्या आसपास किंवा वर जातं. हे आकडे वहीत पहिल्या पानावर लिहा. पुढचे निम्मे निर्णय यावरून होतात.

हळद

हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. तो आच बऱ्यापैकी सोसतो, पण खार आणि ऊन सोसत नाही.

शेव करताना सर्वांत जास्त फसगत इथेच होते. परातीत हळद घातलेलं बेसन छान पिवळं दिसत असतं. त्यावर पापडखाराचं पाणी ओतलं की जिथे जिथे ते पडतं तिथे विटकरी लाल डाग उमटतात, मळल्यावर सगळा गोळा गंजल्यासारखा होतो आणि तळल्यावर शेव तांबूस, मळकट निघते. तेल जुनं होतं किंवा आच जास्त झाली असं वाटून लोक कढईला दोष देतात, पण कारण पिठातच आहे. सामू ८ च्या पुढे गेला की कर्क्युमिन पिवळ्याचं लाल होतं.

उपाय असे. खार अंदाजाने घालू नका, मोजून घाला आणि खुसखुशीतपणा टिकेल इतकाच ठेवा. हळद कोरड्या बेसनात न मिसळता मोहनाच्या कोमट तेलात आधी कालवून घ्या. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात उतरतं, त्यामुळे रंग सारखा पसरतो आणि पिवळे ठिपके राहत नाहीत. खाराचं पाणी शेवटी, थोडं थोडं, सगळीकडून घाला. एवढं करूनही लाली येत असेल तर पिठातून हळद काढून टाका आणि तळल्यानंतर वरून लावायच्या मसाल्यात घाला. तिथे ओल नाही, त्यामुळे खार आणि हळद एकमेकांना भिडत नाहीत.

मात्रा १ किलो बेसनाला २ ते ४ ग्रॅम हळद. हळदीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन धरलं तर ३ ग्रॅम हळदीतून ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन जातं. यापेक्षा जास्त घातली की रंगाआधी कडवटपणा जाणवतो.

सरबतात किंवा दुधाच्या पेयात हळदपूड घालू नका, ती तळाशी बसते आणि बाटलीच्या गळ्याला पिवळं कडं धरते. तिथे पाण्यात मिसळणारं द्रव कर्क्युमिन घ्यावं लागतं. त्यात बहुधा तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं पॉलिसॉर्बेट ८०, म्हणजे आयएनएस ४३३, असतं (आयएनएस म्हणजे खाद्य-मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). ते तुमच्या पदार्थाच्या गटात चालतं का, तेही पाहावं लागेल.

हळदीची खरेदी करताना एक साधी चाचणी घरी होते. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वर चमचाभर हळद सोडा, ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाण्याला फिकट पिवळी छटा येते. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर मेटॅनिल यलोसारख्या रंगाचा संशय घ्या आणि नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मात्र या चाचणीत हमखास सापडत नाही, म्हणून मोठी खरेदी असेल तर शिशाची तपासणी करून घेतलेलीच बरी.

लाल मिरची आणि तिचा अर्क

मसाला शेव, लवंग शेव, मिक्श्चर यांचा केशरी-लाल रंग मिरचीतून येतो. इंदूरच्या सियागंज बाजारात मिरची घेताना तिखटपणा आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात ठेवा. निमाडची, म्हणजे खरगोनजवळच्या बेडिया मंडीतून येणारी मिरची तिखटपणासाठी घेतली जाते. रंगासाठी कर्नाटकाची ब्याडगी. नुसत्या तिखट मिरचीने रंग गाठायला गेलात तर शेव तोंडात घालवणार नाही.

मिरचीचा रंग आस्टा एककात मोजतात. चांगल्या ब्याडगीचं तिखट १०० ते १५० आस्टा भरतं. पाप्रिका ओलिओरेझिन हा मिरचीचा तेलात विरघळणारा दाट अर्क, आयएनएस १६०सी. तो ‘कलर युनिट’मध्ये विकला जातो. १ आस्टा म्हणजे साधारण ४० कलर युनिट. म्हणजे ४०,००० युनिटचा अर्क १,००० आस्टाचा झाला, आणि त्याचा १ ग्रॅम रंगाच्या बाबतीत १२० आस्टाच्या सुमारे ८ ग्रॅम तिखटाइतका. हा हिशेब आला की विक्रेत्याने सांगितलेल्या दोन भावांमधला स्वस्त कोणता ते लगेच कळतं. लिटरचा भाव पाहू नका, हजार युनिटमागे किती पडतात ते पाहा.

आता तो घालायचा कुठे? बरेच जण ओलिओरेझिन पिठात मळतात. तसं केल्यास दोन नुकसानं होतात. एक, तो तेलात विरघळणारा असल्याने तळताना शेवेतून निघून कढईत उतरतो. पहिला घाणा फिका, पाचवा लाल, आणि कढईतलं तेल इतकं रंगतं की नंतर त्यात साधी शेव काढता येत नाही. दोन, मिरचीतले कॅरोटिनॉइड रंग तळणाच्या आचेला उडतात. महागाचा अर्क घालून निम्मा वाया घालवण्यात काही अर्थ नाही.

पद्धत ही ठेवा. शेव १६५ ते १७५ अंशांवर तळा, जाळीवर निथळू द्या. १ किलो शेवेसाठी ०.५ ते १ ग्रॅम ओलिओरेझिन त्याच्या दहापट, म्हणजे ५ ते १० ग्रॅम कोमट तेलात मिसळा. तेल ५० ते ६० अंशांपेक्षा गरम नको. शेव हाताला गरम लागते आहे तोवर हे तेल फवारून किंवा बारीक धारेने सोडून उलटसुलट करा, आणि लगेच वरून कोरडा मसाला टाका. आधी तेल, मग मसाला, हा क्रम पाळला तर मसाला धरून राहतो आणि पाकिटाच्या तळाशी लाल भुकटी साठत नाही.

हिवाळ्यात ओलिओरेझिन मधासारखा घट्ट होतो आणि रंग तळाशी बसतो. डबा ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात ठेवून सैल करा आणि नीट हलवूनच मोजून घ्या. न हलवता वरवरचा घेतला तर डब्यातला पहिला माल फिका निघतो आणि शेवटचा भडक.

मसाला नमकिनाचा रंग पाकिटात उडू लागला तर ती तेलाबद्दलचीही सूचना असते. कॅरोटिनॉइड आणि तेल दोन्ही ऑक्सिजन आणि उजेडाने बिघडतात. रंग फिका पडत आहे म्हणजे खवट वासही फार लांब नाही. दुकानाच्या दारात टांगलेल्या पारदर्शक लडीतला माल मे महिन्याच्या उन्हात सर्वांत आधी पांढरट पडतो. आतून चंदेरी थर असलेलं पाकीट आणि शक्य असेल तर नायट्रोजन भरणं, यावर केलेला खर्च जास्तीचा रंग घालण्यापेक्षा कधीही फायद्याचा.

शेंद्री

शेंद्रीच्या बियांवरचा केशरी थर जगभर लोणी आणि चीज रंगवायला वापरतात. आयएनएस १६०बी. तो दोन रूपांत मिळतो, आणि मागवताना रूप सांगितलं नाही तर चुकीचा डबा घरी येतो. बिक्सिन तेलात जातं, नॉरबिक्सिन पाण्यात. लोणी, मोहन, क्रीम यांना बिक्सिन, दुधाळ आणि पाणीदार पदार्थांना नॉरबिक्सिन.

नॉरबिक्सिन क्षारयुक्त द्रावणात विरघळवलेलं असतं. आंबट पदार्थात पडलं की ते बाहेर पडून गढूळ होतं, श्रीखंडात गुलाबीसर छटाही येते. आंबटासाठी वेगळं ‘आम्ल-स्थिर’ नॉरबिक्सिन मिळतं, तेच मागा. पाण्याचा जडपणाही त्याला बाधतो. माळव्यातल्या बोअरच्या पाण्यात चुना जास्त असतो आणि त्यात नॉरबिक्सिनचे बारीक कण जमून तळाशी बसतात. जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या नळाच्या पाण्यावर चाचणी केली आणि उत्पादन बोअरच्या पाण्यावर घेतलं, की ‘कालपर्यंत चांगलं होत होतं’ ही तक्रार सुरू होते. रंग पातळ करायला आरओचंच पाणी ठेवा. पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर जडपणा कळत नाही, त्यासाठी वेगळी थेंबांची किट मिळते.

बिया मिळाल्या तर तेलातला रंग घरीही काढता येतो. १ भाग बिया, ५ भाग तेल, ६० ते ७० अंशांवर अर्धा तास, अधूनमधून ढवळून, मग गाळून काळ्या बाटलीत. आच वाढवली की बिया करपतात आणि रंग तपकिरी, कडू होतो. अशा रंगाची ताकद प्रत्येक खेपेला वेगळी येते, म्हणून घरगुती प्रयोगापुरताच ठीक. विक्रीच्या मालाला ताकद लिहिलेला विकतचा रंग घ्या.

बीट

बीट थंड आणि किंचित आंबट पदार्थाचा रंग आहे. सामू ४ ते ५.५ मध्ये तो सर्वांत चांगला टिकतो. श्रीखंड आणि कुल्फी या दोन्हींत उत्तम. तळणात आणि बिस्किटात घालू नका. आचेने तो तपकिरी होतो आणि सोड्याने पिवळा. गुलाबी बिस्किटाचं पीठ भट्टीत जाऊन विटकरी बिस्किट बाहेर येतं ते यामुळेच. खोलीच्या तापमानाला ठेवायच्या पातळ सरबतातही तो काही आठवड्यांत विटतो, पण कोरड्या सरबत पावडरीत टिकतो, कारण तिथे ओल नसते.

पूड घरी करायची तर बीट सोलून २ ते ३ मिलिमीटरच्या चकत्या करा, दोन मिनिटं वाफवा, ५० ते ५५ अंशांच्या ड्रायरमध्ये कडकडीत मोडतील इतक्या वाळवा, दळा, चाळा आणि सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद ठेवा. १ किलो बिटाची १०० ते १२० ग्रॅम पूड होते. गच्चीवर उन्हात वाळवू नका, निम्मा रंग तिथेच जातो.

१ किलो श्रीखंडाला ३ ते ६ ग्रॅम पूड पुरते. पिठीसाखरेत घोटून घाला, नाहीतर लाल ठिपके राहतात. त्यापुढे मातीचा वास येऊ लागतो. वेलदोडा आणि गुलाब तो थोडा झाकतात, केशर झाकत नाही.

कोकम

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. काळं गाजर, जांभूळ, द्राक्षाची साल यांचाही तोच. सामू ३ च्या आसपास असेपर्यंत झळझळीत लाल, वर गेला की जांभळट, आणखी वर गेला की निळसर-राखाडी.

इंदुरात कोकम कोकणातून येतं आणि मिठातली आमसुलंच जास्त मिळतात. सरबताला ती नकोत, बिनमिठाची सोलं मागवा. २५० ग्रॅम सोलं १ लिटर ६० अंशांच्या पाण्यात चार तास भिजवा, चुरून गाळा. भांडं स्टीलचं. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या रंगाला काळवंडतात, आणि लोह जास्त असलेलं बोअरचं पाणीही तेच करतं. पाक वेगळा करून, तो ८० अंशांच्या खाली आल्यावर अर्क मिसळा. पाकात घालून उकळत ठेवला तर रंग विटकरी होतो.

आंबटपणा आणि टिकाऊपणा दोन्हीसाठी क जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. अँथोसायनिन असलेल्या सरबतात ते घालू नका, ते रंग खातं. आंबटपणा हवा तर सायट्रिक आम्ल.

आणखी एक चाचणी कुणी करत नाही आणि ती करायलाच हवी. बाटलीतला दाट अर्क लाल दिसतो. गिऱ्हाईक मात्र त्यात चार-पाचपट नळाचं पाणी घालणार, त्याने आंबटपणा विरळ होणार आणि पेल्यातला रंग जांभळट दिसणार. म्हणून तुमच्या वस्तीतल्या नळाच्या आणि बोअरच्या, दोन्ही पाण्यांत, पाकिटावर लिहिणार त्याच प्रमाणात सरबत करून पाहा. पेल्यातला सामू ३.५ च्या आत राहील इतकं सायट्रिक आम्ल दाट अर्कातच ठेवा.

पालक

हिरवा सर्वांत अवघड. क्लोरोफिलला आच आणि आंबटपणा दोन्ही मानवत नाहीत, त्याचा मेंदीसारखा मळकट हिरवा होतो. पोपटी पालक शेव विकणाऱ्यांपैकी अनेकांच्या पोपटी रंगामागे पालक नसतो, तेव्हा तो रंग गाठायच्या मागे लागू नका. पालकाची शेव गडद, थोडी मातकट हिरवीच असते आणि गिऱ्हाइकाला तसं सांगता येतं.

पालक उकळत्या पाण्यात एक ते दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून वाटा. १ किलो बेसनाला २०० ग्रॅम पालक. पालकाचं पाणी धरून पिठाचं पाणी कमी करा, नाहीतर सोऱ्यातून शेव तुटते आणि तेल जास्त पिते. पूड वापरली तर १५ ते २० ग्रॅम पुरे, आणि रोजचा माल सारखा येतो. तळण १५० ते १६० अंशांवर, जरा जास्त वेळ. आमचूर किंवा सायट्रिक आम्ल पिठात घालू नका, वरच्या कोरड्या मसाल्यात घाला. हिरवा टिकवायला सोडा वाढवण्याचा जुना उपाय आहे. त्याने रंग राहतो खरा, पण चव साबणासारखी होते.

कॉपर क्लोरोफिलिन, आयएनएस १४१, हा तांब्याचा अंश घालून स्थिर केलेला हिरवा आहे. टिकतो, पण तुमच्या गटात चालतो का हे पाहिल्याशिवाय आणि नाव लिहिल्याशिवाय वापरू नका.

मात्रा ठरवायची रीत

एकदम पाच किलोचा घाणा घेऊन रंग पाहू नका. आधी पातळ रंग तयार करा: १ ग्रॅम रंग आणि ९९ ग्रॅम तेल किंवा आरओ पाणी, रंग ज्यात विरघळेल ते. याचे १० ग्रॅम म्हणजे मूळ रंगाचा ०.१ ग्रॅम. छोट्या चाचणीत चूक होते ती बहुधा थेट ०.१ ग्रॅम मोजायला गेल्याने.

मग तीन पायऱ्या करा, प्रत्येक आधीच्या दुप्पट. समजा ८ टक्के कर्क्युमिनचं द्रव श्रीखंडात घालायचं आहे. किलोला ०.२५, ०.५ आणि १ ग्रॅम. ०.५ ग्रॅमच्या ८ टक्के म्हणजे ४० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ४० मिलिग्रॅम, यालाच ४० पीपीएम म्हणतात. तीन बशांत २०, ४० आणि ८० पीपीएम झाले. कायद्यातली मर्यादा याच एककात असते. ती द्रवाची आहे की त्यातल्या मूळ रंगद्रव्याची हे वाचून घ्या, गल्लत इथेच होते. बशांशेजारी चौथी, बिनरंगाची, ठेवायलाच हवी. दिवसा खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद करून पाहा. एलईडीच्या उजेडात पिवळा आणि गुलाबी दोन्ही फसवतात.

तळणाच्या मालाची चाचणी पाव किलोची चालत नाही. किमान तीन घाणे काढा आणि पहिला व तिसरा शेजारी ठेवून पाहा.

टिकण्याची चाचणी

पसंत पडलेला नमुना विकायच्याच पाकिटात भरा आणि चार जागी ठेवा: फ्रिजमध्ये अंधारात, खोलीत कपाटात, खिडकीच्या उजेडात आणि पत्र्याखालच्या गोदामात किंवा ४० अंशांच्या उबदार पेटीत. सुरुवातीला, मग ७, १५, ३० आणि ६० दिवसांनी पांढऱ्या कागदावर ओतून, त्याच वेळी, त्याच खिडकीत फोटो घ्या. फ्रिजातला नमुना हा मापदंड. कपाटातला ठीक आणि खिडकीतला फिका, तर पाकीट बदला. दोन्ही सारखेच फिके, तर उजेड निर्दोष आहे, ओल, हवा किंवा सामू तपासा. गोदामातलाच बिघडला तर मुदत कमी करा किंवा साठवण बदला. श्रीखंड आणि कुल्फी अर्थातच त्यांच्या थंड तापमानालाच तपासायची, तिथे फक्त झाकणाचा आणि डब्याचा प्रश्न उरतो.

विकत घेताना

रंगाच्या डब्यावर रंगाचं नाव, आयएनएस क्रमांक, ताकद, बॅच, मुदत आणि विक्रेत्याचा एफएसएसएआय परवाना क्रमांक हवा. तपासणी प्रमाणपत्र त्याच बॅचचं मागा, त्यात शिसं आणि आर्सेनिकचे आकडे पाहा. सुटा, पुडीत बांधून दिलेला ‘नैसर्गिक केशरी’ कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. पुडी केशरी आणि भाव हळदीपेक्षा कमी असेल तर तो बहुधा झाडाचा नाहीच. पहिल्यांदा लहानात लहान डबा घ्या. उघडल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहा.

पाकिटावर काय लिहायचं

घटकांच्या यादीत रंगाचा वर्ग आणि नाव किंवा क्रमांक लिहावा लागतो, उदाहरणार्थ ‘रंग (आयएनएस १६०सी)’. मसाला म्हणून घातलेली हळद, तिखट किंवा पालकाची पूड आपापल्या नावाने घटकांतच येते. बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जास्तीची म्हणून घालता येते, तिची जागा घेऊ शकत नाही, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती पाकिटांवर राहून गेलेलं दिसतं.

पाकिटाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात ‘नैसर्गिक’ लिहायचा मोह आवरा. जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे विनियम अनेक घटक मिसळून केलेल्या पदार्थाला सरसकट नैसर्गिक म्हणू देत नाहीत. ‘कृत्रिम रंग नाही’ लिहायचं तर आधी मसाला विक्रेत्याकडून लेखी घ्या. तयार चाट मसाला, टुटीफ्रुटी, चेरी यांतून कृत्रिम रंग नकळत आत येतो.

प्रत्येक बॅचची दोन पाकिटं मुदत संपेपर्यंत कपाटात राखून ठेवा, आणि वहीत रंगाचा बॅच क्रमांक, मात्रा, सामू, तळणाचं तापमान आणि कोणतं पाणी वापरलं ते त्याच दिवशी लिहा. तक्रार आली की आधी राखलेलं पाकीट फोडून पाहायचं. त्यातही रंग उडालेला असेल तर गडबड घाण्यात किंवा पाकिटात आहे, नसेल तर दुकानदाराने माल कुठे ठेवला होता ते विचारायचं.